चंदल

सूर गावातल्या या जुन्या घरात
एकही खोली सहा हातांहून रुंद नाही.
मजलिस लांबच लांब, पडवीसारखी,
पण रुंदी तीच. सहा हात, वर चार बोटं.
मी टेप तीनदा लावली.
वाटलं, बांधणारा चिकट असावा.

सलेहे खाली चुना कालवत होता.
छताकडे थापी दाखवून म्हणाला,
झाड जेवढं, तेवढी खोली.
त्याचं हिंदी कॅम्पातलं, माझं आचऱ्याचं,
मध्ये अरबीचे चार खिळे.

वर वासे. काळे, सरळसोट, मनगटाएवढे.
एकशे चाळीस भरले.
ओमानात त्यांना म्हणतात चंदल.
नखाने साल खरवडली, आत तांबूस निघालं
आणि माझ्या खाडीचा वास आला.
कांदळ!
चंदल, कांदळ, दोनदा म्हणून पाहिलं.
आमच्यात म्कोको, सलेहे म्हणाला,
आणि पुन्हा चुन्याकडे वळला.

दुपारी, बाहेर पंचेचाळीस असताना,
आम्ही परांचीवर उताणे पडलो
आणि तो मला नदी दाखवू लागला.
रुफीजी.
दारावरचे हे आठ वासे म्हणजे मुख,
चिखल कमरेपर्यंत, भरती आली तरच गलबताला वाट.
पुढे फाटे फुटतात. चुकलास तर रात्र तिथेच,
डास आणि तू.
हा गाठीचा वासा म्हणजे मामाचं गाव.
तिथे भात होतं, आणि ते राखायला
चार खांबांवर झोपडी, शिडी वर ओढून घ्यायची.
पाणघोडा येतो न बोलावल्या पाहुण्यासारखा,
आधी खातो, मग तुडवतो.
मुलं डबे बडवायची, आजी शिव्या घालायची.
जायचा तो शिव्यांनीच, म्हणे, डब्यांनी नाही.

ही भेग? हा पूर.
माणसं होडीत, कोंबड्या छपरावर.
सरकारने एकदा सगळं गाव उचलून उंचावर ठेवलं,
म्हातारे पुन्हा उतरून आले.
का?
खालचा चिखल गोड आहे.
आणि वर, त्या पलीकडच्या भिंतीजवळ?
तिकडे दरी, मगरी, आता धरण.
मी गेलो नाही कधी.
छताच्या त्या टोकाला वाळवी लागली होती.

यातले तुझ्या आजोबांनी तोडले असतील?
असतील. वारा फिरेपर्यंत गलबतं थांबायची,
मग भरून निघायची.
बराच वेळ गप्प.
नुसतं लाकूड नसायचं, म्हणाला,
आणि कुशीवर वळला.

संध्याकाळी मालकीणबाई आल्या, बीबी रय्या,
काठी टेकत.
सलेहेशी स्वाहिली बोलल्या, भरभर, मुलीसारख्या.
मी हातात टेप घेऊन उभा.
मागाहून त्याने सांगितलं, त्यांची पणजी तिकडची.
कशी आली ते विचारू नकोस.
नदी अजून तपकिरी आहे का,
एवढंच त्यांना हवं होतं.

सडलेले तीन वासे काढले.
नवे मिळत नाहीत, तोड बंद आहे.
त्या जागी लोखंडी पाइप घातले, काळा रंग दिला.
सुताराच्या पोराला शोभत नाही. दिला.

त्यातला एक आम्ही खाडीवर नेला.
पैज : तरंगतो की बुडतो.
मी म्हटलं तरंगेल, शंभर वर्षं वाळलाय.
तो म्हणाला बुडेल,
वाळवंटात राहून पाणी विसरेल असलं झाड नाही ते.
ना धड तरंगला, ना बुडाला.
नाकापुरता वर राहिला, मगर पडून राहते तसा.
मग भरतीने त्याचं तोंड फिरवलं
आणि दीपगृहावरून बाहेर समुद्राकडे नव्हे,
आत, उथळ पाण्यात,
बगळे उभे होते तिकडे निघाला.
सलेहे चपला हातात घेऊन
काठाकाठाने त्याच्याबरोबर चालू लागला.

पैजेचा चहा कोणी पाजायचा
ते राहूनच गेलं.